रेडिंगमधलं एक मराठी कुटुंब आणि एनएचएस डेंटिस्टचा शोध: प्रकरण अभ्यास

पुण्याहून इंग्लंडला आलेल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण आहे. नवरा ३६ वर्षांचा, सॉफ्टवेअरमध्ये, स्किल्ड वर्कर व्हिसावर. बायको ३२ वर्षांची, सोळा आठवड्यांची गरोदर. मुलगी सहा वर्षांची. घर लंडनच्या पश्चिमेला, रेडिंगमध्ये. हे कुटुंब कोणा एकाचं नाही. इथे येणाऱ्या मराठी घरांना दातांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एकत्र करून ते उभं केलं आहे. नियम आणि दर मात्र खरे आहेत, आणि ते इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये व्यवस्था वेगळी आहे.

बायकोच्या खालच्या डाव्या दाढेत खोल कीड आहे. गार पाणी लागलं की कळ येते, पण रात्रीची झोप अजून मोडत नाही. मुलीच्या दोन दुधाच्या दाढा किडल्या आहेत. नवऱ्याच्या एका दाढेचं रूट कॅनाल चार वर्षांपूर्वी पुण्यात झालं आणि कॅप बसवायची राहून गेली. दुखत काही नाही, म्हणून तो विषय मागे पडला.

व्हिसा काढताना या कुटुंबाने इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरला आहे. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ७७६ पौंड आहे. तीन वर्षांचे तिघांचे मिळून ८,५३८ पौंड होतात. एवढी रक्कम आगाऊ भरल्यावर दातांसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागणार नाही असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण तसं नाही. सरचार्ज भरल्याने एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेची सेवा घेण्याचा हक्क मिळतो. दातांच्या उपचाराचं ठरलेलं शुल्क मात्र इथल्या कायमच्या रहिवाशाला लागतं तेवढंच लागतं.

जीपीकडे नाव घातलं म्हणजे डेंटिस्ट मिळाला, असं नाही

रेडिंगला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिघांची नावं जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नोंदली गेली, एनएचएस नंबर आले. यानंतर दातांचंही आपोआप जुळेल असं गृहीत धरलं गेलं. खूप वेळ इथेच वाया जातो. जीपी ठरावीक परिसरातल्या लोकांची कायमची यादी ठेवतो. डेंटिस्टचं तसं नाही. एप्रिल २००६ च्या करारापासून इंग्लंडमधल्या दंत दवाखान्याची पेशंटशी बांधिलकी फक्त चालू असलेल्या उपचारापुरती असते. चेकअप झाला, ठरलेलं काम संपलं, की कागदोपत्री संबंध संपतो. पुढच्या वेळी ते पुन्हा बोलावतात ते त्यांच्या प्रथेप्रमाणे.

याची दुसरी बाजू सोयीची आहे. दंत दवाखान्याला हद्द नसते. रेडिंगमध्ये राहणारा माणूस स्लाऊ, न्यूबरी, बेझिंगस्टोक, कुठल्याही गावच्या एनएचएस डेंटिस्टकडे जाऊ शकतो. जीपीची चिठ्ठी लागत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये बीबीसीने ब्रिटिश डेंटल असोसिएशनबरोबर ब्रिटनभरातल्या जवळपास सात हजार दवाखान्यांची पाहणी केली. दहापैकी नऊ दवाखाने नवे प्रौढ एनएचएस पेशंट घेत नव्हते, दहापैकी आठ मुलांनाही घेत नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स भागात नवा दवाखाना उघडला तेव्हा नाव नोंदवायला रस्त्यावर शेकडो माणसांची रांग लागली आणि पोलिसांना यावं लागलं. रेडिंगच्या कुटुंबाला पहिल्या काही फोनवर नकार आला तर त्यात त्यांच्या व्हिसाचा, उच्चारांचा किंवा पत्त्याचा काही दोष नाही. पिढ्यानपिढ्या इथे राहिलेल्यांनाही हेच उत्तर मिळतं.

नकार कुठून येतो

हे समजून घेणं फार उपयोगाचं आहे, कारण फोनवर काय विचारायचं आणि कधी विचारायचं ते यावरून ठरतं.

एनएचएसचं काम करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला वर्षाला ठरावीक कामाचा करार मिळतो. ते काम यूडीए नावाच्या एककात मोजतात. चेकअपचा एक यूडीए, भरणं किंवा दात काढणं याचे तीन, कॅप किंवा कवळीचे बारा. वर्ष एप्रिलला सुरू होतं, मार्चला संपतं. ठरलेल्या कामाच्या ९६ टक्क्यांपेक्षा कमी झालं तर पैसे परत करावे लागतात. ठरलेल्याहून जास्त केलं तर साधारणपणे जादा पैसे मिळत नाहीत. स्थानिक इंटिग्रेटेड केअर बोर्ड, म्हणजे आयसीबी, कबूल झालं तरच ११० टक्क्यांपर्यंतच्या कामाचे मिळतात.

मुळातली खोट अशी होती की एक दात भरला तरी तीन यूडीए आणि सहा दात भरले तरी तीनच. दाढेचं रूट कॅनाल, ज्यात दोन-तीन बैठका जातात, त्याचेही तीनच. नोव्हेंबर २०२२ मध्ये हे थोडं सुधारलं. तीन किंवा जास्त दात भरायचे वा काढायचे असतील तर पाच यूडीए, दाढेच्या रूट कॅनालला सात. एप्रिल २०२४ मध्ये एका यूडीएचा किमान दर २८ पौंड केला. म्हणजे किमान दराने दाढेच्या रूट कॅनालचे दवाखान्याला १९६ पौंड मिळतात, आणि त्यात खुर्ची, नर्स, फाइल्स नावाच्या बारीक सुया, एक्स-रे सगळं आलं. नव्या पेशंटचं तोंड अनेक वर्षं कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे काम जास्त निघतं. दवाखान्याच्या हिशेबात नियमित येणारा, चेकअप करून जाणारा जुना पेशंट परवडतो. नवा परवडत नाही. आमच्या मते रिसेप्शनवरच्या बाईंवर रागावण्यात काही अर्थ नाही. नकाराचं कारण करारात आहे.

यातून वेळेचा एक हिशेब निघतो. जानेवारी ते मार्चमध्ये ज्यांचा वर्षाचा कोटा संपलेला असतो ते नव्यांना घेत नाहीत. त्याच महिन्यांत ज्यांचं काम ९६ टक्क्यांच्या खाली राहिलेलं असतं, त्यांना पेशंट हवे असतात. एप्रिलमध्ये कोटा नव्याने सुरू होतो. नवा डेंटिस्ट रुजू झाला की काही आठवडे जागा असते, मग भरते. म्हणून फेब्रुवारीत ‘नाही’ म्हणालेल्या दवाखान्याला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन करायचा, संकोच न बाळगता.

तिघांचा शोध वेगवेगळा

या कुटुंबाने ‘आम्ही तिघं आहोत, घ्याल का?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘सॉरी, लिस्ट बंद आहे’. पण दवाखान्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं आहेत: १८ वर्षांखालचं मूल, शुल्कमाफी असलेली प्रौढ व्यक्ती, आणि शुल्क भरणारा प्रौढ. बऱ्याच दवाखान्यांत मुलांची दारं उघडी आणि प्रौढांची बंद असतात.

एनएचएसच्या संकेतस्थळावर ‘फाइंड अ डेंटिस्ट’ या पानावर पोस्टकोड टाकला की जवळचे दवाखाने अंतराप्रमाणे येतात. प्रत्येकाखाली हेच गट स्वतंत्र दिलेले असतात: १७ वर्षांपर्यंतची मुलं घेतात का, १८ वरचे प्रौढ घेतात का, मोफत उपचाराचा हक्क असलेले प्रौढ घेतात का. नोव्हेंबर २०२२ च्या बदलांनुसार ही माहिती किमान दर ९० दिवसांनी ताजी करणं दवाखान्यांवर बंधनकारक आहे. नव्वद दिवस म्हणजे तीन महिने. तेवढ्यात जागा दोनदा भरून जाते. त्यामुळे पानावर ‘घेतो’ दिसलं म्हणजे घेतीलच असं नाही. उलट ‘अलीकडे माहिती दिलेली नाही’ असं लिहिलेल्यांना बहुतेक लोक फोनच करत नाहीत, आणि जागा कधी कधी तिथेच असते. ‘फक्त रेफरलने, विशेष उपचारांसाठी’ असं लिहिलेले दवाखाने यादीतून काढून टाकायचे. ते दात सरळ करण्यासारख्या कामांचे असतात.

यादी कागदावर किंवा एक्सेलमध्ये उतरवावी. रकाने एवढेच: दवाखान्याचं नाव, फोन, अंतर, फोनची तारीख, मूल, माफीवाली प्रौढ, शुल्कवाला प्रौढ, वेटिंग लिस्ट, पुन्हा कधी विचारायचं. चार फोन झाल्यावर कोण काय म्हणालं ते लक्षात राहत नाही, म्हणून हे आवश्यक आहे.

फोन सोमवारी सकाळी करू नये. शनिवार-रविवारी दुखायला लागलेले सगळे तेव्हाच फोन करत असतात. आठवड्याच्या मध्याला, दुपारी केलेला बरा. पहिलं वाक्य नेमकं असावं: ‘आर यू टेकिंग ऑन न्यू एनएचएस पेशंट्स?’ त्यात एनएचएस हा शब्द हवाच. नुसतं ‘न्यू पेशंट्स’ म्हटलं की ‘हो, अगदी उद्याची वेळ आहे’ असं गोड उत्तर येतं आणि बिल देताना कळतं की ती वेळ प्रायव्हेटची होती. त्यानंतर मुलीबद्दल विचारायचं, मग बायकोबद्दल, गरोदर आहे आणि मॅटर्निटी एक्झम्प्शन (गरोदरपणाची शुल्कमाफी) आहे हे सांगून, आणि शेवटी नवऱ्याबद्दल. एका दवाखान्यात तिघांना जागा मिळावी हा हट्ट सोडला की काम निम्म्याने हलकं होतं.

उत्तरं ठरावीक येतात. ‘एनएचएसला जागा नाही, प्रायव्हेट पाहू’ असं म्हणाले तर मुलांसाठी जागा आहे का हे वेगळं विचारून घ्यायचं. ‘महिन्याचा प्लॅन घ्या’ म्हणाले तर तो प्रायव्हेट दवाखान्याचा हप्ता आहे, एनएचएसशी त्याचा संबंध नाही. ‘वेटिंग लिस्ट आहे’ म्हणाले तर नाव घालायचं, आणि ते कसं कळवतात ते विचारायचं: फोन, मेसेज की ईमेल. अनोळखी नंबर न उचलण्याची सवय इथे महागात पडते. एक-दोन फोन उचलले नाहीत की ते यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातात. एकापेक्षा जास्त वेटिंग लिस्टमध्ये नाव घालायला हरकत नाही. एकीकडे काम झालं की बाकीच्यांना कळवून नाव काढून घ्यावं.

रेडिंगहून शोध रेल्वेच्या मार्गाने वाढवणं सोयीचं असतं. एलिझाबेथ लाइनवर ट्वायफर्ड, मेडनहेड, स्लाऊ; दुसऱ्या मार्गांवर वोकिंगम, ब्रॅकनेल, न्यूबरी, बेझिंगस्टोक. नवरा आठवड्यातून दोन दिवस लंडनच्या ऑफिसात जात असेल तर ऑफिसच्या पोस्टकोडवरही शोधावं. पण गरोदर बाईचं रूट कॅनाल म्हणजे दोन-तीन फेऱ्या धरूनच चालायचं. तिच्यासाठी पाऊण तासाच्या पलीकडचा दवाखाना मिळाला तरी जवळचा शोध चालू ठेवावा. मुलीचा दवाखाना शाळेच्या जितका जवळ तितका चांगला.

मराठी माणसांच्या गटांत विचारणं उपयोगी पडतं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि आता आजूबाजूच्या गावांत व्हॉट्सअॅपवर मराठी घरांचे गट आहेत. तिथे ‘चांगला डेंटिस्ट सुचवा’ असं विचारलं की प्रायव्हेटवाल्यांची नावं येतात. ‘गेल्या महिन्याभरात कोणाला नवा एनएचएस डेंटिस्ट मिळाला का?’ असं विचारावं. त्याहून जुनी माहिती फार कामाची नाही.

मध्येच दाढ ठणकली तर

समजा, शोध चालू असतानाच शुक्रवारी रात्री बायकोची दाढ ठणकू लागली. हा मार्ग पूर्ण वेगळा आहे आणि वेटिंग लिस्टशी त्याचा काही संबंध नाही.

ज्यांचा नेहमीचा डेंटिस्ट नाही, त्यांनी १११ या एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन करायचा किंवा त्यांच्या संकेतस्थळावर प्रश्नांची उत्तरं द्यायची. पाच वर्षांखालच्या मुलासाठी मात्र फोनच करावा. इंग्रजीत सांगताना अडत असेल तर दुभाषा मागता येतो. ते विचारतात: दुखणं किती, गोळीने थांबतं का, सूज आहे का, ताप आहे का, तोंड उघडतं का, गिळता येतं का. ‘थोडं दुखतंय’ असं भिडेखातर सांगितलं की प्रकरण मागे पडतं. रात्री झोप लागली नाही, पॅरासिटामॉल घेऊनही ठणका थांबला नाही, गाल सुजला, हे जसं आहे तसं, पहिल्याच वाक्यात सांगावं. गरोदर असल्याचंही लगेच सांगावं.

गोळ्यांबाबत: गरोदरपणात पॅरासिटामॉल चालते, पाकिटावरच्या मात्रेतच. आयब्युप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. भारतातून आणलेल्या कॉम्बिनेशन गोळ्यांत ते मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटामागचा मजकूर वाचावा. बॅगेतली अँटिबायोटिक्स आपल्या मनाने सुरू करू नयेत. आतली कीड किंवा पू त्याने जात नाही, दात उघडावाच लागतो. लवंगेच्या तेलाचा बोळा तासन्‌तास धरून ठेवला तर हिरडी भाजते.

जीपी दातांवर उपचार करत नाही. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्येही नुसत्या दातदुखीसाठी गेलं तर तासन्‌तास बसून परत यावं लागतं. पण सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल, रक्त थांबत नसेल, तर लगेच इमर्जन्सी किंवा ९९९ वर अॅम्ब्युलन्स. तिथे मात्र एक मिनिटही थांबायचं नाही.

१११ मार्फत वेळ मिळाली तर तो डेंटिस्ट तातडीचं काम करतो: दाढ उघडून दाब कमी करणं, आत औषध घालून तात्पुरतं बंद करणं, किंवा दाढ काढणं. दाढ काढायची की ठेवायची, हा निर्णय त्याच खुर्चीवर घ्यावा लागतो. ठेवायची असेल तर ‘रूट कॅनाल पुढे करून घेईन, आज दुखणं थांबवा’ असं स्पष्ट सांगावं. या एका भेटीने ती त्या दवाखान्याची नेहमीची पेशंट होत नाही. पण निघताना रिसेप्शनवर विचारायला काय हरकत आहे? कित्येकांना जागा अशीच मिळते. आणि तात्पुरतं भरलेलं सिमेंट कायमचं समजू नये. दुखणं थांबलं म्हणून लोक फोन करणं थांबवतात आणि काही महिन्यांनी तीच दाढ फुटते.

‘दिवाळीत पुण्याला जाऊ तेव्हा करून घेऊ’ हा विचार जवळजवळ प्रत्येक घरात होतो. साध्या भरण्यासाठी तो चालूही शकेल. इथे मात्र दाढ खोल किडलेली आहे आणि २८ आठवड्यांनंतर विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागू शकतात. शिवाय दहा दिवसांच्या सुट्टीत रूट कॅनाल सुरू होतं, कॅप राहते, आणि तेच नवऱ्याच्या दाढेचं झालं आहे.

कागद आणि बिल

बायकोचा मोफत उपचाराचा हक्क या प्रकरणात सगळ्यात मोलाचा आहे आणि तोच बहुतेकांना माहीत नसतो. गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे १२ महिने एनएचएसचा दंत उपचार मोफत असतो, उत्पन्न कितीही असो, व्हिसा कोणताही असो. त्यासाठी मॅटर्निटी एक्झम्प्शन सर्टिफिकेट लागतं. ते आपण स्वतः काढत नाही. मिडवाइफ, जीपी किंवा नर्स अर्ज करतात. पहिल्याच भेटीत मिडवाइफकडे आठवणीने मागावं, कारण सगळ्याच मिडवाइफ आपणहून विषय काढत नाहीत. मॅटबी१ नावाचा दुसरा फॉर्मही पुरावा म्हणून चालतो, पण तो अपेक्षित तारखेच्या २० आठवड्यांच्या आत आल्यावरच मिळतो. सोळाव्या आठवड्यात हातात असायला हवं ते सर्टिफिकेटच.

मुलीला १८ वर्षांपर्यंत सगळं मोफत. नवऱ्याला शुल्क भरायचं आहे. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षाचे दर असे होते: बँड १, म्हणजे चेकअप, एक्स-रे, सल्ला, २७.४० पौंड. बँड २, म्हणजे भरणं, रूट कॅनाल, दात काढणं, ७५.३० पौंड. बँड ३, म्हणजे कॅप, ब्रिज, कवळी, ३२६.७० पौंड. तातडीचा उपचार २७.४० पौंड. दर बहुधा दर एप्रिलला बदलतात, म्हणून जाण्याआधी चालू आकडा पाहून घ्यावा.

या पद्धतीत एका उपचारमालिकेचं एकच शुल्क असतं, त्यातल्या सर्वांत वरच्या बँडचं. नवऱ्याचा चेकअप झाला, दोन दात भरले आणि रूट कॅनालवर कॅप बसवली तर त्या दरांनी २७.४० अधिक ७५.३० अधिक ३२६.७० असे होत नाहीत; एकूण ३२६.७० च. सगळं काम एकाच मालिकेत व्हावं असं त्याने सुरुवातीलाच सांगावं. काम पूर्ण झाल्यापासून दोन महिन्यांत त्याच किंवा खालच्या बँडचं आणखी काम निघालं तर त्याच दवाखान्यात पुन्हा शुल्क लागत नाही. भरणं, रूट कॅनाल आणि कॅप यांत बिघाड झाला तर १२ महिन्यांपर्यंत दुरुस्ती मोफत. फक्त तातडीच्या भेटीचं शुल्क पुढच्या मालिकेतून वजा होत नाही, ती वेगळी धरतात.

पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून सही करावी लागते. शुल्कमाफीचे चौकोन नीट वाचून खूण करावी. नवऱ्याने घाईत युनिव्हर्सल क्रेडिटच्या, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याच्या, चौकोनात खूण केली तर नंतर पत्र येतं: मूळ शुल्क, वर त्याच्या पाचपट किंवा १०० पौंड यांपैकी कमी असेल तेवढा दंड. बायकोच्या बाबतीत सर्टिफिकेट क्रमांक बरोबर लिहावा आणि प्रत जवळ ठेवावी.

पुण्यातून शेवटचा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा, एक्स-रे आणि रूट कॅनालच्या वेळचे छोटे एक्स-रे ईमेलने मागवून घ्यावेत. जुनं रूट कॅनाल नीट झालं आहे का, कॅप टिकेल का, हे त्यावरून लवकर ठरतं. कॅपशिवाय चार वर्षं राहिलेली दाढ उभी चिरलेली असण्याची भीती असते. तसं असेल तर कॅपचा प्रश्नच उरत नाही, दाढ काढावी लागते.

बँड २ किंवा ३ चं काम असेल, किंवा एनएचएस आणि प्रायव्हेट मिसळलेलं असेल, तर लेखी ट्रीटमेंट प्लॅन घ्यावा. कोणतं काम कशातलं, हे त्यात दिसायला हवं. दात पांढरे करणं एनएचएसमध्ये येत नाही. दाढेत पांढरं मटेरियल भरणं वैद्यकीय गरज असेल तरच मिळतं, एरवी चांदी भरतात. पण १ जुलै २०१८ पासून १५ वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना चांदी भरत नाहीत, तसंच अडलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे या घरात मायलेकींच्या दाढांसाठी वेगळं मटेरियलच वापरलं जाईल. त्याचे कोणी प्रायव्हेट पैसे मागितले तर तिथल्या तिथे विचारावं.

मुलीच्या दुधाच्या दाढांवर इथला डेंटिस्ट स्टीलच्या छोट्या टोप्या बसवायचं सुचवू शकतो. हॉल टेक्निक म्हणतात त्याला. दात कोरत नाहीत, इंजेक्शन नसतं, कीड आत बंद होते आणि दाढ पडेपर्यंत निभावतं. ‘चंदेरी दात दिसेल’ म्हणून आईवडील नको म्हणतात, तसं करू नये. दुसरा पर्याय अनेकदा भूल देऊन दाढ काढण्याचा असतो, आणि इंग्लंडमध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना हॉस्पिटलमध्ये दाखल करण्याचं सर्वांत मोठं कारण किडके दात काढणं हेच आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. कित्येक घरांत तीही दुधाचीच समजून सोडून देतात. तीन वर्षांपुढच्या मुलांना वर्षातून दोनदा फ्लोराइडचं व्हार्निश लावतात. ते मोफत असतं, मागून घ्यावं.

कुठेच जमलं नाही तर

पस्तीस-चाळीस दवाखान्यांना विचारूनही जागा मिळाली नाही तर आपल्या भागाच्या आयसीबीकडे लिहावं. एप्रिल २०२३ पासून एनएचएसच्या दंतसेवेचे करार त्यांच्याकडे आहेत, तक्रारीही तिथेच जातात. फोनची यादी सोबत जोडली की ‘आम्ही प्रयत्न केला’ हे वेगळं सांगावं लागत नाही. स्थानिक हेल्थवॉच या पेशंटची बाजू मांडणाऱ्या संस्थेकडे कुठे जागा निघाली याची माहिती असते.

दंत महाविद्यालयांतले विद्यार्थी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली मोफत उपचार करतात. रेडिंगहून लंडन जवळ पडतं; किंग्ज कॉलेज आणि क्वीन मेरी या दोन्हींशी जोडलेली दंत रुग्णालयं तिथे आहेत. पण ते शिकण्याला योग्य असेच पेशंट निवडतात आणि एका भरण्याला अर्धा दिवस जाऊ शकतो. नवऱ्यासारख्या घाई नसलेल्या माणसाला हा मार्ग बरा, दाढ ठणकणाऱ्या गरोदर बाईला नाही. अपंगत्व, तीव्र भीती किंवा अंथरुणाला खिळलेलं आजारपण असेल तर कम्युनिटी डेंटल सर्व्हिस आहे, तिथे शिफारस लागते. भारतातून सोबत आलेल्या वयस्कर आईवडिलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं.

मिळालेली जागा टिकवणं

मुलीला सर्वांत आधी, बायकोला नंतर आणि नवऱ्याला सगळ्यांत शेवटी जागा मिळणं, हा या प्रकरणातला अपेक्षित क्रम आहे. मुलीच्या चेकअपला गेल्यावर आईवडिलांबद्दल विचारत राहावं. एकदा तोंडओळख झाली की रद्द झालेली वेळ कधी कधी मिळून जाते.

ठरलेली वेळ चुकवू नये. एनएचएसच्या चुकलेल्या वेळेसाठी दंड आकारता येत नाही, पण पुढे घ्यायला दवाखाना नकार देऊ शकतो, आणि मग पहिल्या फोनपासून सुरुवात. पुढचा चेकअप सहा महिन्यांनीच असतो असं नाही. इथल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढांना ३ ते २४ महिन्यांच्या मधली आणि मुलांना जास्तीत जास्त १२ महिन्यांची मुदत डेंटिस्ट ठरवतो. ती तारीख लिहून ठेवावी. दोन वर्षं फिरकला नाही तर बरेच दवाखाने जुन्या पेशंटला नवा धरतात. भारतात महिनाभर जाणार असाल तर वेळ आधीच पुढे ढकलून घ्यावी.

बायकोने बाळंतपणानंतरचा शेवटचा मोफत चेकअप सर्टिफिकेटची मुदत संपायच्या दीड-दोन महिने आधी ठेवावा. उपचार सुरू होताना हक्क असेल तर पुढे मुदत संपली तरी ती मालिका मोफत पूर्ण होते. त्याच भेटीत बाळालाही न्यावं. पहिला दात आल्यावर, वर्षाच्या आत, पहिली तपासणी व्हावी असं इथले बालदंततज्ज्ञ सांगतात. आईच्याच वेळी दोन मिनिटांत ती होते आणि बाळाचंही नाव त्या दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर चढतं.